बिऱ्हाडगाडीचा शोध

सोपाऱ्यास ‘बुरुड राजाचा कोट’ या नांवानें ओळखली जाणारी एक जागा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं ती उकरली, तेव्हां आंतून बौद्ध स्तूप निघाला. वसईच्या ज्या शाळेंत आमचें आयुष्य गेलें, त्या शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही दरवर्षीं तेथें जात असूं. मुलांना स्तूपापेक्षां झाडाखालीं बसून डबा खाण्यांत अधिक गोडी वाटे. पण डबे संपेपर्यंत तीं हलत नसत, आणि तेवढ्या वेळांत आम्ही त्यांना शूर्पारकाची कथा सांगून घेत असूं. महाभारतांत ज्याचें नांव येतें तेंच हें शूर्पारक. येथें गलबतें लागत, माल उतरे, आणि बैलांचे व गाड्यांचे तांडे तो घेऊन घाट चढत. अशा तांड्याला संस्कृतांत ‘सार्थ’ म्हणतात व त्याच्या नायकाला ‘सार्थवाह’. एका चौकस मुलानें एकदां विचारलें होतें, “गुरुजी, सार्थवाह गाड्या कशा निवडीत असे?” त्या वेळीं आम्हीं कांहीं तरी सांगून वेळ मारून नेली. आज आमचें वय ६६ आहे, आणि गेल्या पावसाळ्यापासून त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस स्वतःच शोधावें लागलें.

त्याचें कारण आमचे वडील बंधु. सारें घर त्यांना दादा म्हणतें. यंदा ते ८१ वर्षांचे झाले. तीर्थरूप वारले तेव्हां आम्ही पांच वर्षांचे होतों. दादांनीं पुढील शिक्षण सोडून नोकरी धरली, आणि आमची मॅट्रिकची फी व नंतरचा पाठशाळेचा खर्च त्यांच्या पगारांतून झाला. त्यांनीं स्वतःसाठीं मागितलेली एकच गोष्ट आम्हांस आठवते: गुहागरास जाऊन व्याडेश्वराचें दर्शन एकदां घ्यावें. तो आमचा कुलस्वामी. आज जाऊं, उद्यां जाऊं, असें करतां करतां वर्षें सरलीं. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही दोघे बंधु एका प्रवासी बसनें निघालों. दादांना मूत्राचा विकार आहे. तासातासानें उठावें लागतें. चालकानें दोनदां गाडी थांबविली, तिसऱ्यांदा थांबविली नाहीं. पुढचें लिहिण्याजोगें नाहीं. माणगांवास आम्ही उतरलों, एका खाणावळीच्या मोरीवर दादांनीं धोतर बदललें, आणि आम्ही परत फिरलों. घरीं आल्यावर ते एवढेंच म्हणाले, “व्याडेश्वर काय, येथून केलेला नमस्कारहि त्याला पोंचतो.” त्यानंतर त्यांनीं हा विषय काढला नाहीं.

दादांचा धाकटा मुलगा वालीवच्या एका कारखान्यांत यंत्रें दुरुस्त करण्याचें काम करतो. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला व हळूच म्हणाला, “काका, गाडींतच निजायची जागा आणि शौचाची सोय असली तर बाबा येतील ना?” अशा तयार गाड्या मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून आम्हीं कानांवर हात ठेवले. पुतण्याचा बेत निराळा होता. एखादी जुनी, धड अशी व्हॅन घ्यावी आणि आंतील सारें काम घरींच करावें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आम्हीं हजारदां फळ्यावर लिहिली असेल. ती आपल्यालाच लागू करण्याची वेळ आली. ‘व्हॅन’ हा इंग्रजी शब्द ‘कॅराव्हान’ या शब्दाचें शेपूट आहे, आणि कॅराव्हान म्हणजे फारसींतील कारवान, म्हणजे आमचा सार्थच, हें त्या रात्रीं कोशांत पाहिल्यावर आमच्या मनाची उरलीसुरली कुरकुर थांबली. आम्हीं त्या वाहनाचें नांव ‘बिऱ्हाडगाडी’ असें ठेविलें व घरांत तेंच रूढ झालें.

एकत्र कुटुंबांत कोणतीहि गोष्ट एकट्यादुकट्याची राहत नाहीं. वहिनींनीं स्वयंपाकाच्या ओट्याची उंची सांगितली, सौ. नें देवांसाठीं कोनाडा मागितला, नातवाला छतावर विजेची सौर पाटी हवी होती, आणि जांवईबापूंचें लक्ष केवळ किंमतीकडे होतें. पुतण्यानें सर्वांचें ऐकून घेतलें व मग म्हणाला, “इंजिन बदलतां येतें, आसनें बदलतां येतात, रंग तर कोणीहि देईल. पण छत किती उंच, पायरी किती खालीं आणि पत्रा किती सडलेला, या गोष्टी गाडी घेतांना जशा असतील तशाच पदरीं पडतात.” आम्हांस हें बोलणें पटलें. मुहूर्त कितीहि चांगला असो, मूळ भिंत ओली असेल तर चुना टिकत नाहीं.

प्रथम आमची नजर लहान गाड्यांकडे गेली. मारुतीची ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत निघत होती, आणि तिच्यामागून आलेली ईको २०१० पासून चालू आहे. वसई-विरारच्या गल्लीबोळांत यांच्याइतकें उपयोगी वाहन नाहीं. सुटे भाग हाकेच्या अंतरावर मिळतात, आणि दोन तरुण माणसें गादी टाकून त्यांत सुखानें निजतील. परंतु इंजिन पुढच्या आसनाखालीं असल्यामुळें लांबच्या प्रवासांत बैठक तापते, आणि आंत उभें राहण्याचा प्रश्नच येत नाहीं. दादा उंच आहेत. ईकोमध्यें शिरतांना त्यांनीं गुडघा, कंबर व मान हीं तिन्ही एकदम वाकविलीं, आणि बाहेर येतांना आमच्या खांद्याचा आधार घेतला. तेथेंच तो विषय संपला.

मग मोठ्या गाड्या. आपण सर्रास ‘टेंपो’ म्हणतों तो शब्द जर्मनींतील हँबर्गच्या एका कारखान्याचा. त्याच्या सहकार्यानें १९५८ सालीं बजाज टेंपो कंपनी निघाली; तिची मॅटॅडोर गाडी ज्यांनीं लग्नाच्या वऱ्हाडांत पाहिली नाहीं असे आमच्या वयाचे लोक विरळा. तिच्या पुढची ट्रॅव्हलर गाडी १९८७ च्या सुमारास डाइमलर-बेंझच्या नमुन्यावरून आली, आणि कंपनीचें नांव २००५ सालीं बदलून फोर्स मोटर्स झाल्यावरहि ती चालूच आहे. शाळेची बस म्हणा, रुग्णवाहिका म्हणा, वऱ्हाडाची गाडी म्हणा, सारे तिचेच अवतार. छत उंच, पेटी चौकोनी, भिंती बऱ्याच सरळ. सुताराला फळ्या बसवावयास याहून सोपें कांहीं नाहीं. दुसरी टाटांची विंगर. ती २००७ सालीं आली. मूळ नमुना फ्रान्सच्या रेनॉ कंपनीच्या ट्राफिक गाडीचा. या दोहोंतील मुख्य भेद आम्हांस पुतण्यानें अंगणांत काठीनें आकृति काढून समजाविला. ट्रॅव्हलरचीं मागचीं चाकें गाडी ढकलतात, म्हणून इंजिनाची शक्ति मागें नेणारा दांडा गाडीखालून जातो व जमीन उंच ठेवावी लागते. विंगरचीं पुढचीं चाकें गाडी ओढतात. खालीं दांडा नाहीं, म्हणून जमीन बरीच खालीं. उलट ओल्या चढावर मागें भार फार झाला तर ओढणाऱ्या पुढच्या चाकांची पकड कमी होते. बैलाच्या गाडींत जोत्यावरचा भार कसा राखावा हें आमच्या आजोळच्या गड्याला ठाऊक होतें, गोष्ट तीच.

बंद पत्र्याची मालवाहू व्हॅन घ्यावी कीं खिडक्यांची प्रवासी, यावर दोन दिवस वाद झाला. बंद गाडी स्वस्त मिळते व भिंतीला गाद्या लावून उष्णता अडवितां येते. पण तीस खिडकी पाडावयाची म्हणजे पत्रा कापणें आलें, आणि येथें कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांत लिहिलेल्या मूळ स्वरूपाशीं विसंगत असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि हें ठासून सांगितलें. आसनें काढलीं तरी नोंदीतील आसनसंख्या बदलते. म्हणजे आधीं परिवहन कार्यालयाची संमति, मग करवत. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हान पर्यटनाचें धोरण काढलें आहे, बिऱ्हाडगाड्यांसाठीं वेगळें तांत्रिक प्रमाणकहि आहे. पण ‘घरच्या घरीं केलें’ ही सबब कोठेंच चालत नाहीं. आम्हीं जन्मभर मुलांना नियम शिकविले. म्हणून ठरविलें कीं, गाडीचा पत्रा एका बोटभरहि कापावयाचा नाहीं. खिडक्या असलेलीच गाडी घ्यावयाची, आणि खाट, कपाट, पाण्याची टाकी हीं सारीं आसनांच्या मूळच्या भोकांत पेचांनीं बसवावयाचीं.

जुन्या गाड्या पाहण्यासाठीं आम्ही आषाढ-श्रावणांत सारी वसई पालथी घातली. पूर्वेस रेल्वेचा पूल ओलांडला कीं, गोखिवरे, सातिवली, वालीव, येथें वाड्या नाहींत, केळी नाहींत. पत्र्याच्या छपराखालीं लहानमोठे कारखाने, आणि त्यांच्या मधोमध गाड्या दुरुस्त करणारांचीं आवारें. पश्चिमेस आमच्या घरामागें अजून रहाटाची जुनी विहीर आहे व शेजारीं पानवेल. तेथून अर्ध्या तासांत माणूस या लोखंडाच्या रानांत येतो. आम्ही छत्री धरून पुतण्याच्या मागें हिंडत असूं. तो गाडीखालीं शिरे. आम्हांस हातांत विजेरी धरण्याचें काम.

सातिवलीजवळ एका आवारांत एक ट्रॅव्हलर पसंत पडली. रंग नवा, आसनांवर नवीं आच्छादनें, किंमत बेताची. विकणारा गोड बोले. दुसरें गिऱ्हाईक येणार आहे असें त्यानें सांगतांच आम्हीं घाईनें पांच हजार रुपये बयाणा दिला. पुतण्या त्या दिवशीं कामावर होता. दुसऱ्या दिवशीं त्यानें गाडींत शिरतांच इंजिनाकडे पाहिलेंहि नाहीं. आसनाचा कमरपट्टा ओढून शेवटपर्यंत बाहेर काढला. वरचा हात दीड हात पट्टा स्वच्छ, आणि आंत गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ. मग त्यानें जमिनीवरचें रबर उचललें. खालीं मऊ, वाळलेला गाळ. आसनांच्या पेचांना लाल गंज. २०१८ च्या जुलैंत पावसानें नालासोपाऱ्याचे रूळ बुडून लोकलगाड्या बंद पडल्या होत्या, तो पूर येथील कोणीहि विसरलेला नाहीं. तसलाच एखादा पूर त्या गाडीनें खिडकीच्या खालपर्यंत पाहिला होता. पाण्यांत बुडालेल्या गाडीचें इंजिन धुऊन चालू करतां येतें. विजेच्या तारांचें जाळें मात्र आंतल्या आंत कुजत राहतें व सहा महिन्यांनीं भर रस्त्यांत दगा देतें. बयाणा परत मिळाला नाहीं. आम्हांस वाईट वाटलें तें पांच हजारांचें नव्हे. चाळीस वर्षें मुलांना ‘परीक्षा करून मगच बोला’ म्हणणारा मास्तर नव्या रंगाला भुलला, याचें.

पुढें एक जुनी रुग्णवाहिका आली. गाडी उत्तम होती. उंच छत, आंत विजेची व्यवस्था, मागचीं दारें रुंद. सौ. नें तिच्याकडे पाहिलें आणि विचारलें, “हिच्यांत किती माणसें गेलीं असतील?” पुतण्या म्हणाला, “काकू, वांचलेलींहि असतील कीं.” तर्क बिनतोड होता, परंतु देवांचा कोनाडा त्या गाडींत करावयास घरांतील एकहि स्त्री तयार होईना, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि नव्हतों.

सर्वांत जिवाला चटका लावून गेली ती विरारकडची एक पिवळी शाळेची बस. पुढच्या आसनाच्या पाठीवर कोणी तरी कर्कटकानें आपलें नांव कोरलें होतें, आणि खालीं दुसऱ्या हस्ताक्षरांत ‘ढ’ एवढेंच. आम्ही बराच वेळ त्या आसनावर बसलों. शाळेच्या गाड्या वेगानें पळविल्या जात नाहींत, सुटीभर उभ्या असतात, त्यामुळें इंजिनाची झीज बेताची. मनांत आलें कीं, मास्तराच्या बिऱ्हाडाला याहून योग्य गाडी कोणती? इतक्यांत पुतण्यानें रबराच्या गालिच्याखालीं पेंचकस टेकविला आणि जरा दाबला. तो पार आरपार गेला. मुलांच्या ओल्या छत्र्या, रेनकोट, पावसाळ्यामागून पावसाळे. पाणी रबराखालीं जिरत राहिलें आणि पत्र्याची चाळण झाली. त्यांत आमचा हा खारा वारा. समुद्राकडच्या घरांना तो ठाऊक आहे; लोखंडी फाटकाला दर दोन वर्षांनीं रंग न द्यावा तर बिजागरी हातांत येते. गाडीला तो प्रथम चाकांवरच्या कमानींत, दाराखालच्या उंबऱ्यांत आणि छताच्या पन्हळींत धरतो. वरून कांहीं दिसत नाहीं. चुंबक लावून पाहिला तर जेथें पत्रा जाऊन पुटी भरलेली असते तेथें तो चिकटत नाहीं. ही युक्ति आम्हांस फार आवडली. तेव्हांपासून आमच्या खिशांत एक चुंबक असतो.

मध्यंतरी घरीं भाराचा हिशेब मांडला. नोंदणीपत्रांत गाडीचें रिकामें वजन व भारासह कमाल वजन दिलेलें असतें. या दोहोंतील अंतर हेंच आपलें भांडवल. सहा माणसें म्हणजे चारशे किलो धरावे. पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. आठ बाय चार फुटांची १८ मिलिमीटर जाडीची प्लायवुडची एक फळी तीस किलोंच्या वर भरते. सुताराच्या यादींत अशा सात होत्या. पुतण्यानें सहा मिलिमीटरच्या फळ्या व अॅल्युमिनियमची चौकट असा तोडगा काढला. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अठ्ठावीस-तीस किलोंची, तर लिथियमची बारा-तेरा किलोंची. महाग, पण घेण्याजोगी. वहिनींना नेहमींचा गॅसचा बंब हवा होता. तो वायु हवेहून जड असल्यामुळें गळला तर खाटेखालीं सांचून राहतो, हें ऐकल्यावर त्यांनीं आपण होऊन सांगितलें कीं, चूल गाडीबाहेरच मांडूं. खाट आडवी घालावी असें नातवाचें मत होतें, पण दादांची उंची गाडीच्या आंतल्या रुंदीला पुरून उरली. खाट उभीच घालावी लागणार.

शेवटीं भाद्रपदांत, चिंचोटीच्या बाजूस महामार्गालगत एका आवारांत उंच छताची एक विंगर मिळाली. एका कारखान्याच्या कामगारांना नेण्याआणण्याची ती गाडी. पट्टा ओढला, स्वच्छ. रबर उचललें, पत्र्यावर मूळचा रंग. चुंबक सर्वत्र चिकटला. केवळ मागच्या डाव्या कमानीवर घसरला, आणि तेथें पूर्वीं ठोकर लागली होती हें मालकानें न विचारतां सांगितलें. तेवढ्यावरून त्याच्याविषयीं आमचें मत चांगलें झालें. पुतण्यानें गाडी तुंगारेश्वर फाट्यापर्यंत नेऊन आणली, थंड इंजिन चालू करून धूर पाहिला, चढावर थांबवून पुन्हां निघून पाहिलें.

या खेपेस आम्हीं बयाण्यापूर्वीं दादांना नेलें. ते येण्यास राजी नव्हते. “मी काय पाहणार?” असें दोनदां म्हणाले. आम्ही म्हणालों, “दादा, नुसते चढून पाहा.” आवारांत चिखल होता, त्यांनीं धोतराचा सोगा हातांत धरला, काठी आम्हांस दिली, दाराची कड धरली आणि एक पाय टाकला. दुसरा पाय आपोआप मागून आला. कोणी हात दिला नव्हता. आंत गेल्यावर ते ताठ उभे राहिले, छताला तळहात लावला, आणि आसनांमधल्या वाटेनें शेवटपर्यंत चालत जाऊन परत आले. पुतण्या म्हणाला, “बाबा, येथें मागच्या कोपऱ्यांत पडदा लावूं. चालत्या गाडींत उठायला नको. हांक मारा, मी गाडी कडेला घेईन.” दादा कांहीं बोलले नाहींत. खिडकीशीं बसून महामार्गावरून जाणाऱ्या गाड्या पाहत राहिले. बऱ्याच वेळानें त्यांनीं विचारलें, “गुहागर येथून किती कोस?”

रथाच्या आंतल्या बैठकीला संस्कृतांत ‘नीड’ असाहि शब्द आहे. पक्ष्याच्या घरट्याचा तोच शब्द. आम्ही तो मुलांना अर्थभेदाचें उदाहरण म्हणून सांगत असूं. त्या दिवशीं तो आम्हांस फार वेळ आठवत राहिला.

गाडी घेतली. पाटी एमएच ४८, म्हणजे आपल्याच वसई-विरारची. व्यावसायिक वाहनाचें खासगी करावयाचें तर परवाना परत करणें, कराचा फरक भरणें, आसनें कमी करण्यास संमति घेणें, हे सोपस्कार चालू आहेत. परिवहन कार्यालयांतील लिपिकानें आमच्या अर्जांतील शुद्धलेखनाची वाखाणणी केली, अर्ज मात्र एका जोडपत्राअभावीं परत दिला. संमति येईपर्यंत गाडी अंगणांत आंब्याखालीं उभी आहे व एकहि पेंच काढलेला नाहीं. भविष्यनिर्वाह निधीचा मोठा भाग तींत गेला. पाण्याची टाकी मागें न ठेवतां चालकाच्या आसनामागें ठेवावयाची, म्हणजे पुढच्या चाकांवर भार राहील, एवढें नक्की झालें आहे.

दादा रोज संध्याकाळीं गाडीजवळ खुर्ची टाकून बसतात. घोडबंदरची गर्दी टाळावी म्हणून २०२४ सालीं सुरू झालेल्या रो-रो बोटींतून गाडी वसईहून भाईंदरला उतरवावी, असा मार्ग त्यांनीं जुन्या वहीच्या पाठीवर लिहून ठेविला आहे, थांबण्याच्या जागा आंकडे घालून. काल पुतण्या पायरीजवळ धरावयाच्या दांड्यासाठीं खडूनें खूण करीत होता. दादांनीं ती पाहिली आणि काठीनें पुसली. “या बाजूला नको,” ते म्हणाले. “पलीकडे लाव. माझा उजवा हात धड आहे.”